विज्ञान शिकलेल्या मुलीला तत्त्वज्ञान कशाला?

वाचकाचे पत्र (थोडक्यात) : माझी शेती चोपडा तालुक्यात तापीकाठी आहे; केळी आणि कापूस घेतो. मी स्वतः बारावीपर्यंत शिकलो. मुलगी यंदा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आणि आता एम.एस्सी. न करता तत्त्वज्ञानात एम.ए. करणार म्हणते. पुण्यात इंजिनिअर असलेला तिचा भाऊ म्हणतो की विज्ञान नव्हते तेव्हा लोक जे करत होते ते तत्त्वज्ञान. आता त्याला काम उरलेले नाही. त्यावर ती जेवताना त्याला विचारते, ‘उद्या सूर्य उगवेल हे तुला कशावरून माहीत?’ आणि ताटे तशीच राहतात. माझी आई एवढेच विचारते, ‘तत्त्वज्ञान शिकीसन पोट भरस का?’ शिवाय मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे म्हणून घरात लग्नाची घाई आहे. मुलगी त्यावर बोलू लागली की ‘हा श्रद्धेचा, तत्त्वज्ञानाचा भाग आहे, इथे विज्ञान आणू नकोस’ असे तिची आत्या तिलाच सुनावते. या दोन विद्यांचे काम खरोखर वेगळे आहे का, की एकाच कामाची ही जुनी आणि नवी नावे आहेत? तिला होकार द्यावा का?
— एक वडील, तालुका चोपडा

उत्तर :

स. न. वि. वि.

असे पत्र बहुधा शेवटच्या एका प्रश्नापुरते असते : होकार द्यावा की देऊ नये. तुम्ही मात्र आधी समजून घ्यायचे म्हणता, म्हणून मीही त्याच क्रमाने लिहितो. मी खानदेशातल्याच एका महाविद्यालयात बरीच वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे या भांडणात मी अगदीच तटस्थ नाही, हे वाचताना लक्षात असू द्यावे.

प्रथम शब्दाविषयी, कारण तुमच्या घरातला निम्मा वाद शब्दाचा आहे. आपल्या बोलण्यात तत्त्वज्ञान ‘झाडले’ जाते किंवा ‘पाजळले’ जाते. गारपिटीने बाग आडवी झाल्यावर पारावर बसून ‘आपल्या हातात काय आहे?’ म्हणणारा माणूस तत्त्वज्ञानी ठरतो आणि मुलाला उपदेश करणारा बापही. ‘शास्त्र’ या शब्दाची गतही अशीच आहे : भौतिकशास्त्रही शास्त्र आणि दाराला लिंबू-मिरची बांधणे हेही ‘शास्त्र असतं ते’. तुमच्या मातोश्रींना आणि चिरंजीवांना तत्त्वज्ञान म्हटल्यावर हा पारावरचा उपदेश ऐकू येत असेल, तर त्यांचा विरोध रास्तच आहे. त्यासाठी कोणी दोन वर्षे आणि वसतिगृहाचे पैसे घालवू नयेत. पण मुलीला जे शिकायचे आहे ते हे नव्हे. तिचा जेवणाच्या वेळचा प्रश्न तेवढे सांगतो.

आता चिरंजीवांचे म्हणणे. ते अर्धे खरे आहे. न्यूटनने 1687 साली आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या नावात ‘निसर्गविषयक तत्त्वज्ञानाची गणिती तत्त्वे’ असेच शब्द होते. आज आपण ज्याला भौतिकशास्त्र म्हणतो ते त्या काळी तत्त्वज्ञानाच्याच घरात राहत होते. मानसशास्त्र तर कालपरवा वेगळे निघाले. विल्हेल्म वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली ते साल 1879. म्हणजे एकेका भावाने आपला हिस्सा मोजून घेतला, बांध घातला आणि पुढे त्या तुकड्यात मोठ्या घरापेक्षा कितीतरी जास्त पिकवले. इथवर इंजिनिअरसाहेब बरोबर आहेत. पण आपल्याकडे वाटण्या कशा होतात हे तुम्ही त्यांच्यापेक्षा चांगले जाणता. जमीन वाटली जाते; विहीर सामाईक राहते, तिच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात आणि तशी नोंद सातबाऱ्यावर होते. विज्ञानाच्या सगळ्या शेतांना लागणारे काही प्रश्न असे सामाईक राहिले आहेत : पुरावा कशाला म्हणावे, एकामुळे दुसरे घडले असे म्हणण्याचा हक्क केव्हा मिळतो, जे मोजले ते मोजण्याजोगे होते का, आणि कळलेल्या गोष्टीचे पुढे काय करावे. हे प्रश्न कोणा एका भावाच्या गटात बसत नाहीत, आणि म्हणून ते संपलेलेही नाहीत.

विज्ञान काय करते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको, कारण तुम्ही ते बांधावर करता. समजा, ठिबकमधून पोटॅश जास्त दिले तर घडाचे वजन वाढते, असे कोणी सांगितले. तुम्ही कांदेबागेतल्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या, सारख्याच जमिनीतल्या काही ओळींना नेहमीची मात्रा द्याल, शेजारच्या ओळींना वाढीव द्याल, काढणीपर्यंत बाकी सगळे सारखे ठेवाल आणि मग वजन कराल. इथे तुम्ही प्रश्न जगाला विचारला आणि जगाने काट्यावर उत्तर दिले. ते उत्तर तुमच्या इच्छेविरुद्ध जाऊ शकते, हीच त्या पद्धतीची सगळी ताकद आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर असे निरीक्षणाने, मोजमापाने, प्रयोगाने मिळू शकते, तो प्रश्न विज्ञानाचा. त्यात तत्त्वज्ञाने मध्ये तोंड घालू नये. त्याने घातले तेव्हा त्याची फजिती झालेली आहे. जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते, हे ॲरिस्टॉटलचे मत गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून पाहीपर्यंत शतकानुशतके शिकवले जात होते.

मग मुलीचा सूर्य कुठे बसतो? ‘उद्या सूर्य उगवेल का?’ हा खगोलशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पंचांगात मिनिटासकट मिळते. पण तिने ते विचारलेले नाही. ‘तुला कशावरून माहीत?’ असे तिने विचारले आहे. भाऊ म्हणणार, आजवर रोज उगवला म्हणून, किंवा पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि फिरत राहण्याचे नियम आपल्याला ठाऊक आहेत म्हणून. पण ते नियम आजवरच्या अनुभवावरूनच बांधलेले आहेत; ते उद्याही लागू राहतील, हे आपण गृहीत धरतो. ‘आजवर असे गृहीत धरणे नेहमी बरोबर ठरले’ असे म्हणावे, तर तोही आजवरचाच अनुभव झाला. ही फिरती घाण्याभोवती फिरणाऱ्या बैलासारखी आहे, आणि गंमत अशी की आणखी प्रयोग करून तिच्यातून बाहेर पडता येत नाही, कारण प्रत्येक प्रयोग त्याच गृहीतावर उभा असतो. प्रश्न वस्तुस्थितीचा नाही, वस्तुस्थितीविषयी बोलण्याच्या आपल्या हक्काचा आहे. म्हणून तो प्रयोगशाळेत पाठवता येत नाही.

युरोपात हा प्रश्न अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने धारदार केला. आपल्याकडे तो त्याच्या कितीतरी आधी चार्वाकांनी केला होता. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, असे आपण अनुमान करतो. त्यामागे ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ हा नियम असतो. चार्वाक विचारतात, तुम्ही सगळे धूर पाहिलेत का? भूतकाळातले, परदेशातले, अजून व्हायचे असलेले? नसतील पाहिले तर ‘जिथे जिथे’ हा शब्द कोणत्या अधिकाराने वापरता? नैयायिकांनी, म्हणजे न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या पंडितांनी, या आक्षेपाला उत्तर देण्यात पिढ्यान्‌पिढ्या घालवल्या, आणि मला स्वतःला त्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा भाग ‘उपाधी’ या कल्पनेत दिसतो.

तो थोडा सविस्तर सांगतो, कारण तो तुमच्या कामाचा आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान चालते. पण उलटे, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चालत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या तप्त लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत, होळीत, शेकोटीत अग्नीबरोबर धूर का दिसत होता? कारण तिथले सरपण ओले होते. ओले सरपण ही उपाधी : न दिसता मध्ये उभी असलेली, आणि खरे काम करणारी गोष्ट. अग्नीला श्रेय देऊन आपण चुकलो. आता आपल्या कापसाकडे पाहा. 2002 साली आपल्या देशात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळी मारणारे जीवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत उत्पादन वाढलेले दिसले. ते त्या एका जनुकामुळे वाढले, की त्याच काळात पसरलेल्या संकरित वाणांमुळे, वाढलेल्या खतांमुळे, नव्या कीटकनाशकांमुळे, चांगल्या पावसामुळे? जाणकार यावर अजून वाद घालतात, आणि तो वाद म्हणजे उपाधी शोधण्याचाच वाद आहे. वैज्ञानिक तुलनेचा प्लॉट ठेवतो तोही याच भीतीपोटी. त्याने ते न्यायदर्शनातून उचलले असा माझा दावा नाही. ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. म्हणणे इतकेच की अनुमान कुठे घसरते याची चिकित्सा हे तत्त्वज्ञानाचे काम आहे, त्या चिकित्सेतून सावध होऊन जगाला प्रश्न विचारणे हे विज्ञानाचे, आणि एक हात दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

तत्त्वज्ञानाचे दुसरे काम अधिक व्यवहारातले आहे, आणि त्यासाठी खानदेशाने वांग्याची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बीटी वांग्याला केंद्रीय तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये मान्यता दिली; त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि फेब्रुवारी 2010 मध्ये त्याच्या लागवडीला स्थगिती दिली. बांगलादेशाने 2013 साली बीटी वांग्याला परवानगी दिली. जनुक तेच, अळी तीच, चाचण्यांची माहितीही बरीचशी सामाईक. निर्णय मात्र दोन. मग एका देशाचे विज्ञान चुकले का? तसे म्हणता येणार नाही. जनुकामुळे तयार होणारे प्रथिन फळ पोखरणारी अळी मारते का, उंदरांना खाऊ घातल्यावर त्यांना काय होते, परागकण किती दूर जातात, हे प्रश्न विज्ञानाचे होते आणि त्यांची उत्तरे काट्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली मिळणारी होती. पण किती धोका ‘स्वीकारण्याजोगा’ म्हणायचा, फायदा एकाला आणि धोका दुसऱ्याला असेल तर ते न्याय्य कसे ठरवायचे, पुरावा अपुरा असताना थांबावे की पुढे जावे, पिढ्यान्‌पिढ्या बी राखलेल्या भरिताच्या वांग्याच्या वाणांचे मोल किलोच्या भावात धरायचे की आणखी कशात, हे प्रश्न कितीही उंदीर पाळले तरी सुटत नाहीत. ‘असे आहे’ या वाक्यातून ‘असे करावे’ हे वाक्य आपोआप निघत नाही. मध्ये एक मूल्य घालावे लागते, आणि ते मूल्य उघड करून त्याची तपासणी करणे हे तत्त्वज्ञानाचे काम आहे.

त्या वादात दोन्ही बाजूंनी मला निराश केले, हेही सांगून टाकतो. एका बाजूचे लोक ‘विज्ञानाने सिद्ध केले, आता बोलू नका’ असे म्हणत आपला मूल्यनिर्णय प्रयोगशाळेच्या पांढऱ्या डगल्याखाली झाकत होते. दुसऱ्या बाजूचे काही जण साधी, तपासता येण्याजोगी भीती ‘नैतिक प्रश्न’ या मोठ्या शब्दात गुंडाळून तिला तपासणीपासून वाचवत होते. दोघांनी एकमेकांच्या शेतात नांगर घातला होता.

तिसरे काम संकल्पनांचे. आपल्या देशात 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूच्या स्कंधाचे (मेंदूच्या तळाशी असलेल्या, श्वास चालवणाऱ्या देठासारख्या भागाचे) कार्य कायमचे थांबणे हे मृत्यू म्हणून मान्य केले. ते कार्य थांबले आहे का, हे डॉक्टर ठरलेल्या चाचण्यांनी सांगतात, आणि ते सांगण्याचा अधिकार त्यांचाच आहे. परंतु यंत्राच्या साहाय्याने छाती वर-खाली होत असताना, हात उबदार असताना त्या स्थितीला ‘मृत्यू’ म्हणावे का, हे कोणत्याही चाचणीच्या कागदावर लिहून येत नाही. ते ठरवण्यासाठी माणूस म्हणजे काय, जिवंत असणे कशात आहे, याचा विचार करावा लागतो. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांपुढे अवयवदानाचा अर्ज येतो तेव्हा तत्त्वज्ञान हा निवृत्तीनंतरचा विरंगुळा राहत नाही.

आता आत्याबाई. त्यांनी केलेली चूक सर्वांत मोठी आहे, आणि त्या मला क्षमा करोत. ‘मंगळ असलेल्या मुलीचा संसार सुखाचा होत नाही’ किंवा ‘तिच्या नवऱ्याच्या जिवाला धोका असतो’ हे विधान श्रद्धेचेही नाही आणि तत्त्वज्ञानाचेही नाही. ते घडणाऱ्या गोष्टींविषयीचे विधान आहे, तपासता येण्याजोगे, म्हणून सरळ विज्ञानाच्या कक्षेतले. आपल्याकडच्या रूढ हिशेबाने मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की पत्रिका मंगळाची ठरते. बारा स्थानांपैकी पाच! म्हणजे ढोबळमानाने दर बारा माणसांत पाच माणसे मंगळाची असणार. गावातल्या लग्नांची नुसती मोजदाद केली तरी या विधानाची परीक्षा होऊ शकते. ती होऊ नये म्हणूनच की काय, परिहारांची लांबलचक यादी असते : अमुक राशीत असेल तर दोष नाही, गुरूची दृष्टी असेल तर नाही, जोडीदारालाही मंगळ असेल तर नाही. संसार मोडला तर मंगळामुळे, टिकला तर परिहारामुळे. इथे मात्र तत्त्वज्ञानाला एक शब्द बोलायचा अधिकार आहे. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने 1934 साली मांडले की कोणत्याही परिस्थितीत खोटे ठरू शकणार नाही असे विधान अधिक बळकट नसते, ते वैज्ञानिकच नसते. आणि फलज्योतिष हे त्याच्या नेहमीच्या उदाहरणांपैकी एक होते. पॉपरची ही कसोटी सगळीकडे जशीच्या तशी चालत नाही असे आक्षेप पुढे बरेच आले; या बाबतीत मात्र ती पुरेशी आहे. अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात कोणी भक्तिभावाने जात असेल तर त्यात माझे काही म्हणणे नाही, ती उपासना आहे. भारताचे यान 24 सप्टेंबर 2014 पासून ज्या ग्रहाभोवती फिरू लागले त्याच्या नावावर एका मुलीच्या शिक्षणाची मुदत ठरवणे ही उपासना नव्हे.

अमळनेरचा उल्लेख आलाच आहे तर तुमच्या कुटुंबाला ठाऊक असावी अशी गोष्ट सांगतो. तापी ओलांडली की तुमच्यापासून फार लांब नसलेल्या त्या गावात 1916 साली कापड गिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी स्वतःच्या पैशांतून तत्त्वज्ञान मंदिर उभारले. कापड गिरणीतून मिळालेल्या पैशाचे कोणी असेही काही करू शकतो, याचे मला अजून अप्रूप वाटते. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून विद्वान तिथे येऊन राहिले. तिथून निघणारे इंग्रजी त्रैमासिक देशाबाहेरही वाचले जात होते. साने गुरुजी अमळनेरला आले ते या संस्थेत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी, आणि पुढे तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. 1930 नंतरच्या दशकात काही काळ या संस्थेची धुरा बंगालचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्याकडे होती, आणि तुमचा प्रश्न नेमका त्यांचा होता. विज्ञान वस्तुस्थितीची माहिती देते. तत्त्वज्ञानातली विधाने ही तशी माहिती देणारी विधाने नव्हेतच, ती वेगळ्या जातीची आहेत, अशी त्यांची मांडणी होती. तिथून ते आत्मतत्त्वाच्या दिशेने जेवढे दूर गेले तेवढे जायला माझी बुद्धी धजत नाही. पण पहिले पाऊल मला अचूक वाटते. तत्त्वज्ञानाकडे विज्ञानासारख्या माहितीची अपेक्षा धरली की चिरंजीवांसारखी निराशा पदरी येते. केळीच्या झाडाकडे कापूस मागण्यासारखे ते आहे.

तरीही या दोघांमध्ये पक्की भिंत आहे असे मी म्हणणार नाही. आइन्स्टाइनने 1905 साली सापेक्षतेवर जो लेख लिहिला त्याची सुरुवात नव्या प्रयोगाने झाली नव्हती. दूरवरच्या दोन घटना ‘एकाच वेळी’ घडल्या, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, असा प्रश्न त्याने विचारला, आणि ह्यूम आणि भौतिकशास्त्रज्ञ-तत्त्वज्ञ एर्न्स्ट माख यांच्या वाचनाचा आपल्याला उपयोग झाला हे नंतर सांगितलेही. ते तत्त्वज्ञान होते की भौतिकशास्त्र? सुरुवातीला शब्दाच्या अर्थाची चिकित्सा होती. पण ती तिथेच थांबली नाही, तिच्यातून मोजता येण्याजोगे निष्कर्ष निघाले आणि ते मोजले गेले. बी.एस्सी. झालेल्या मुलीने तत्त्वज्ञानाकडे वळणे हे म्हणून मला शिक्षण वाया घालवणे वाटत नाही. उलट विज्ञानाचा गंध नसताना ‘क्वांटम’ आणि ‘चैतन्य’ हे शब्द एका दमात उच्चारणारे वक्ते ऐकले की अशा विद्यार्थ्यांची किती गरज आहे हे जाणवते.

चिरंजीवांची एक तक्रार मी मान्य करतो. तत्त्वज्ञानात प्रश्न मिटत नाहीत. चार्वाकाच्या शंकेवर अजून परिसंवाद होतात. ज्याला वर्षाअखेर पिकाचा आकडा हवा त्याला ही विद्या मानवत नाही. प्रश्न मिटला नाही तरी आपली समजूत बदलते, असे मी वर्गात सांगत असे. काही विद्यार्थ्यांना ते पटे, काही जण वाणिज्य शाखेकडे जात.

आता होकाराविषयी. तुमच्या शेवटच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत, ते सोडवून घ्या. ‘पोट भरस का?’ हा आजींचा प्रश्न त्यांतला पहिला, आणि घरात विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न तोच आहे. तो वस्तुस्थितीचा आहे, म्हणून माहिती काढून सोडवावा. त्यावर कोणी तत्त्वज्ञान झाडू नये. वस्तुस्थिती फारशी गोड नाही. महाविद्यालयांत तत्त्वज्ञानाच्या जागा थोड्या आहेत, प्राध्यापकपदासाठीची नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही वाट पाहावी लागते, आणि तासिका तत्त्वावरच्या मानधनात घर चालत नाही. दुसऱ्या पारड्यात हे टाका : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो; मुंबईच्या आयआयटीसारख्या संस्थेतही तत्त्वज्ञानात संशोधन करता येते आणि तिथे विज्ञानाची पदवी आडवी येत नाही; आणि भौतिकशास्त्रात नुसती एम.एस्सी. केलेल्यांनाही नोकरी दारात वाट पाहत उभी असते असे नाही. चिरंजीवांनी वाद घालण्यापेक्षा एक दिवस खर्ची घालून दोन्ही अभ्यासक्रमांचे शुल्क, प्रवेशाच्या अटी आणि पुढच्या जागा कागदावर आणाव्यात. ते काम त्यांना चांगले जमेल.

दुसरा प्रश्न कर्तव्याचा आहे : मुलीच्या शिक्षणावर तुम्ही किती खर्च करणे लागता, मुलाच्या इंजिनिअरिंगवर केला तेवढा तरी का नाही, आणि तिने त्या बदल्यात घराला काही देणे लागते का. याचे उत्तर कोणत्याही कागदावर छापलेले मिळणार नाही. मुलाच्या वेळी तुम्ही नोकरीची हमी मागितली होती का, एवढे स्वतःला विचारून पाहावे.

तिसरा प्रश्न फक्त तिचा आहे. जेवताना सूर्यावरून भावाला गप्प करणे आणि त्या प्रश्नाबरोबर दोन वर्षे राहणे यांत फरक आहे. वाद जिंकण्याचा आनंद वकिलीतही मिळतो. तिला सांगा की ज्या एका प्रश्नासाठी तिला हे शिकायचे आहे तो मराठीत, दोन पानांत, तुम्हाला कळेल असा लिहून द्यावा, आणि त्याचे उत्तर प्रयोगाने का मिळणार नाही हेही त्यातच लिहावे. लिहिताना तिला कदाचित उमगेल की आपला प्रश्न खरे तर भौतिकशास्त्राचाच आहे. तसे झाले तर एम.एस्सी.चे अर्ज अजून हातात आहेत आणि कोणाचाही पराभव झालेला नाही. पाने वाचून तुमची झोप थोडी उडाली, तर माझे मत होकाराच्या बाजूने आहे. मंगळाची घाई या तिन्ही प्रश्नांत कुठेच बसत नाही, म्हणून ती बाजूला ठेवावी.

ती दोन पाने आजींनाही वाचून दाखवावीत, अहिराणीत समजावून सांगत. समजावण्याचे काम मुलीनेच करावे, आणि तेवढा वेळ तिच्या भावाला मळ्यात पाठवावे.